विरोध करायचा, पण कसा?

आमच्या महिन्याच्या बैठकीत नव्याने येऊ लागलेल्या एका मुलीने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. निवडणुकीचा विषय चालू होता. कोणी किती वाटले, साड्या कुठल्या रंगाच्या होत्या, रात्री कोणाच्या दारात गाडी थांबली होती, हे सगळे बोलून झाले होते. ती एवढा वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, हा माणूस मला नको होता. मत पण मी त्याला दिलं नाही. तरी तो आलाच. आता पाच वर्षं मी करायचं काय?"

जरा वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाली, मोर्चा काढू. दुसरी म्हणाली, पाच वर्षे थांब आणि पाड. तिसरी म्हणाली, सगळे एकाच माळेचे मणी, कोणीही आला तरी आपल्याला काय. मी "संघटन वाढवले पाहिजे" असे काहीतरी बोलले. उत्तर सुचले नाही की आपण कार्यकर्त्या हे वाक्य बोलतो, असे आता माझ्या लक्षात येऊ लागले आहे.

त्या मुलीला खरे उत्तर द्यायचे राहून गेले. हा लेख त्यासाठी. माझे म्हणणे थोडक्यात असे, की एखादा पुढारी नावडणे आणि त्याला विरोध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावडण्याला काही खर्च नाही. विरोधाला वेळ, कागद आणि माणसे लागतात. आपल्या, म्हणजे बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. विरोध करताना आपण जी भाषा वापरतो, जी हत्यारे उचलतो, ती पुष्कळदा आपल्याच विरुद्ध घडवलेली असतात. हे मला पुस्तक वाचून नाही, चूक करून कळले. म्हणून आधी चूक सांगते.

बांगड्यांचा आहेर

२००९ चा उन्हाळा. आमच्या गावात नळाला चार दिवसांआड पाणी यायचे. आमच्या भागात तेही रात्री दोनला, तीनला, केव्हाही. बायका हंडे लावून अंगणात बसायच्या आणि सकाळी सहाला कामाला जायच्या. आमच्या भागाचे नगरसेवक वजनदार. सगळे गाव त्यांना भाऊ म्हणते, मीही इथे भाऊच म्हणते. त्यांच्या चिठ्ठीशिवाय टँकर यायचा नाही, आणि चिठ्ठी हवी तर त्यांच्या ओट्यावर तासभर बसावे लागायचे.

आम्ही मोर्चा काढला. दीडशे बायका होत्या. घोषणा झाल्या, निवेदन झाले, आणि शेवटी ताटात हिरव्या बांगड्या ठेवून भाऊंना आहेर करायचा असे ठरले होते. तुम्हीही कधी ना कधी हे केले असेल, नाहीतर पाहिले असेल. 'काम जमत नसेल तर बांगड्या भरा.' त्या वेळी आम्हाला ते फार झणझणीत वाटले होते.

आमच्या गल्लीत एक आक्का आहेत. धुणीभांडी करून नातीला वाढवलेली बाई. मोर्चात त्या सर्वांत पुढे होत्या. ताट पुढे आले तेव्हा आमच्यातलीच एकजण, अगदी मायेने, त्यांना म्हणाली, "आक्का, तुम्ही जरा मागं थांबा. हे सवाष्णीच्या हातानं द्यायचं." आक्का मागे सरकल्या. काही बोलल्या नाहीत.

भाऊंनी ताट हसत हसत घेतले. बहिणींचा आहेर परत करायचा नसतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाणी रात्री अडीचलाच आले.

आक्का बोलल्या त्या संध्याकाळी. "बांगडी भरली की बाप्या नामर्द होतो म्हणता. अन् माझी फोडली तेव्हा मी अपशकुनी झाले. मग बांगडी चांगली का वाईट, एकदाचं सांगा की."

शिबिरांमधून सौभाग्यचिन्हांवर तासतासभर बोलणाऱ्या आम्ही. आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आले नाही. एका पुरुषाला कमी दाखवायला आम्ही त्याला 'बाई' म्हटले होते. म्हणजे बाई असणे ही कमीपणाची गोष्ट आहे, हे आम्ही भर चौकात, माईक लावून कबूल केले होते. शिवाय आमच्यातल्याच एका बाईला ती पुरेशी बाई नाही म्हणून मागे ढकलले होते. पाण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. भाऊंना लागले ते काहीच नाही. बांगडीने त्यांची ना चिठ्ठी बंद झाली ना ओटा ओस पडला.

लाटणे आणि बांगडी

यावर कोणी म्हणेल, मग लाटणे मोर्चाचे काय? तेही स्वयंपाकघरातलेच. पण या दोन वस्तूंमध्ये मोठा फरक आहे.

१९७२ च्या दुष्काळात महागाईने कळस गाठला तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, तारा रेड्डी कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी एकमेकींच्या पक्षांवर सडकून टीका करणाऱ्या या बायका धान्य, तेल, साखर, रॉकेल या चार-पाच गोष्टींसाठी एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. लाटणे हे बाईच्या कामाचे हत्यार होते. ते वर धरण्याचा अर्थ असा, की आम्ही रोज राबतो, आम्हाला भाव पाठ आहेत, हिशेब द्या. त्यात कोणाला बायकी म्हणून हिणवणे नव्हते. रिकामी थाळी तर नुसती खरी गोष्ट होती. पीठ नव्हते, म्हणून थाळी रिकामी होती.

दुसरी गोष्ट, त्या नुसत्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नेमके मागितले. अमुक वस्तू, अमुक भावाने, रेशनवर. अधिकाऱ्याला, मंत्र्याला उत्तर द्यावे लागेल असा प्रश्न विचारला. 'सरकार मुर्दाबाद' याला मंत्र्याने उत्तर द्यायचे नसते. 'या महिन्याची साखर कुठे आहे' याला द्यावे लागते.

१९७५ च्या आणीबाणीत हे आंदोलन मोडले. पुढाऱ्या तुरुंगात गेल्या. पण १९७७ ची निवडणूक आली तेव्हा मृणालताई आणि अहिल्याताई दोघी मुंबईतून लोकसभेवर गेल्या. गोरेगावात पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडून मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे नाव आधीच मिळालेले होते. निवडणुकीत लोकांनी मत दिले ते त्या कामाला. आदल्या महिन्यात केलेल्या भाषणाने ते नाव मिळत नाही.

पाण्याची वही

आमच्याकडे पुढे काय झाले ते सांगते. कल्पना आक्कांचीच. "मी तर रात्री जागीच असते," त्या म्हणाल्या. "कोणी लिहून घेणार असाल तर पाणी कधी आलं, कधी गेलं, सांगेन." त्यांना लिहिता येत नाही. नात सातवीत होती, तिने शंभर पानी वहीवर रेघा मारल्या. तारीख, गल्ली, पाणी आले किती वाजता, गेले किती वाजता, किती हंडे भरले. बघता बघता सात गल्ल्यांमध्ये सात वह्या झाल्या. तीन महिने आम्ही घोषणा दिली नाही की निवेदन दिले नाही. फक्त लिहीत होतो.

त्याच वेळी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. २००५ साली आलेला हा कायदा आपल्यापैकी पुष्कळजणी आता वापरतात, तरी नव्या मैत्रिणींसाठी सांगते. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक. अर्ज कशासाठी हवा हे विचारण्याचा कोणाला अधिकार नाही. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: आमच्या भागाचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक, आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही. तीस दिवसांत काही आले नाही. अपील केल्यावर आले. कागदावर आमच्या भागाला सकाळी सहा ते सात पाणी होते. ज्या तारखांना आमच्या वहीत 'टँकर नाही' असे होते, त्यातल्या काही तारखांना कागदावर दोन दोन फेऱ्या होत्या.

मग आम्ही चाळीसजणी गेलो. ताट नव्हते, पुतळा नव्हता. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा नेता कोण?" आम्ही म्हटले, नेता नाही, पाने आहेत, क्रमाने वाचू. प्रत्येक गल्लीची बाई आपल्या वहीतले एक पान वाचायची आणि त्याच तारखेची त्यांच्या कागदावरची नोंद दुसरी वाचायची. दीड तास लागला. निम्म्यात कोणीतरी फोन केला असावा, भाऊ आले. त्यांनी सवयीने विचारले, "कोणाला टँकर पाहिजे सांगा, लगेच चिठ्ठी देतो." आक्का म्हणाल्या, "चिठ्ठी नको. टायमिंग लिहून लावा."

पंधरा दिवसांत पाणी पहाटे पाचला येऊ लागले आणि वेळ चौकातल्या फळ्यावर लागू लागली. चार दिवसांआड ते आड राहिलेच, कारण धरणातच पाणी नव्हते. म्हणजे जिंकलो ते एवढेच. पण रात्रीची झोप परत मिळाली, हे ज्या बाईला सकाळी सहाला कामावर जायचे असते तिला विचारा.

पुढारी कशावर जगतो

त्या दिवसानंतर मी या प्रश्नाचा विचार उलट बाजूने करू लागले. पुढारी हटवायचा कसा हे नंतर पाहू. तो टिकतो कशावर?

एक, चिठ्ठीवर. जे आपल्या हक्काचे आहे ते तो मेहरबानी म्हणून देतो. दाखला, रेशनकार्ड, दवाखान्यातली खाट, शाळेतला प्रवेश. प्रत्येकीला एकटीला देतो, म्हणून प्रत्येकजण एकटी त्याची ऋणी होते. जी गोष्ट फळ्यावर लागते तिची चिठ्ठी होऊ शकत नाही. म्हणून एखादी योजना, तिचे निकष, तिची यादी, तिची तारीख उघड्यावर आणून लावणे हा पुढाऱ्याला केलेला मोठा विरोध आहे, मग त्यात त्याचे नावही घेतलेले नसो.

दोन, आपल्या गर्दीवर. हळदीकुंकू, देवदर्शनाची सहल, पैठणीचा खेळ, आणि मग सभा. बचत गटाच्या बायकांना गाडीत घालून नेतात. न जाणाऱ्या गटाची फाईल मागे राहील अशी भीती असते. 'जाऊ नका' असे आपण बाहेरून सांगणे सोपे आहे. पण पन्नासजणींनी आधी आपसांत ठरवले आणि सगळ्याच गेल्या नाहीत, तर कोणा एकीवर खापर फुटत नाही. आणि पुढाऱ्याच्या हळदीकुंकवाला आक्कांना बोलावणे नसते, हे एकदा मोठ्याने विचारून पाहा. पुष्कळजणींचे पाय आपोआप अडखळतात.

तीन, आपल्या विसरण्यावर. वचन दिल्याची तारीख कोणी लिहून ठेवत नाही. वहीची खरी ताकद यात आहे.

चार, आपल्यातल्या फुटीवर. जात, गल्ली, सासुरवाडी, जुनी भांडणे. महागाईविरोधी समितीतल्या बायका वेगवेगळ्या पक्षांच्या राहूनही साखरेवर एक झाल्या, ते मागणी छोटी आणि नेमकी ठेवली म्हणून. 'व्यवस्था बदला' म्हटल्यावर दहा मते होतात. 'पाणी पहाटे पाचला' यावर दोन मते नव्हती.

मतपेटीचे काय?

मी मतदानाला कमी लेखत नाही. पण त्यातही नुसता राग पुरत नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदानयंत्रावर नोटाचे बटण आले, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, सत्तावीस हजारांहून जास्त मते पडली. निकाल मात्र बदलला नाही. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी निवडून येतो तो दुसरा उमेदवारच. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक निवडणुकांपुरता आदेश काढला, की नोटाला सर्वांत जास्त मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. तरीही नोटा म्हणजे 'हा नको' एवढेच. काय हवे ते सांगायला त्यात जागा नाही.

याच्या शेजारी 'आडवी बाटली' ठेवून पाहा. दारू दुकान बंद करायचे तर गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण यादीच्या निम्मी. म्हणजे जी माहेरी गेली आहे, जी ऊसतोडीला गेली आहे, जी यादीत आहे पण वारली आहे, ती सगळी मते उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जातात. ही अट अन्यायाची आहेच. पण ज्या गावांतल्या बायकांनी ती पुरी केली, त्यांनी यादी हातात घेऊन घर न् घर गाठले, परगावी गेलेलीला बोलावून आणले. त्या बायका पुढे कुठल्याही निवडणुकीत कोणाच्या हातच्या राहत नाहीत. दारू दुकानाच्या मागे जो पुढारी उभा असतो त्याला हे बरोबर कळते.

पण इथेही एक सावधगिरी हवी. आंध्र प्रदेशात १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावापासून बायकांनी दारूविरुद्ध लढा पेटवला. विरोधी पक्षाने तो उचलला, १९९४ ची निवडणूक जिंकली, १९९५ मध्ये दारूबंदी आली. त्याच वर्षी मुख्यमंत्री बदलले, पक्ष तोच. १९९७ साली दारूबंदी उठली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका वर्षानुवर्षे लढल्या, पायी नागपूर अधिवेशनावर गेल्या, २०१५ साली जिल्ह्यात बंदी आली आणि २०२१ साली दुसऱ्या सरकारने ती उठवली. दारूबंदी हा उपाय बरोबर की चूक यावर आपल्यात मतभेद आहेत, ते राहू द्या. मला दिसते ते एवढे, की एका पुढाऱ्याला हरवण्यासाठी आपला प्रश्न दुसऱ्या पुढाऱ्याच्या हातात दिला, तर तो प्रश्न त्याच्या खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो. पाठिंबा द्यावा, पण वही देऊ नये.

वहिनी उभ्या राहिल्या तेव्हा

आता आमच्यातल्या भांडणाविषयी. २०११ साली स्थानिक संस्थांमधले महिलांचे आरक्षण पन्नास टक्के झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत भाऊंची जागा महिलांसाठी राखीव निघाली. भाऊंनी वहिनींना उभे केले. फलकावर वहिनींचा फोटो लहान आणि भाऊंचा मोठा.

आमच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, ही बाहुली आहे, हिला विरोध म्हणजे भाऊंना विरोध, सोडायचे नाही. दुसरा म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा एक बाई घराबाहेर पडते आहे, तिच्याविरुद्ध आपण बायकांनी प्रचार करायचा? आणि मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. तिला बोलता येत नाही, ती दोन वर्षे माहेरी का होती, तिचे आणि दिराचे काय. यातले काही आमच्याच बायकांच्या तोंडून आले, हे मी लपवणार नाही. आहेराचे ताट पुन्हा एकदा तयार होत होते.

तीन बैठका झाल्या. एकजण रागाने उठून गेली आणि वर्षभर आली नाही. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. तिच्या चारित्र्यावर, कपड्यांवर, संसारावर एक शब्द नाही. जे प्रश्न दुसऱ्या उमेदवारांना तेच तिला, त्याच कागदावर. आणि तिला बोलवायचे ते एकटीला, भाऊंना नाही. उमेदवारांची शपथपत्रे मागवून त्यातली मालमत्ता आणि गुन्ह्यांचे रकाने आम्ही सगळ्यांचे सारखेच वाचून दाखवले.

वहिनी निवडून आल्या. आम्ही त्यांना मते दिली नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. तीन-चार महिन्यांनी एका दुपारी त्या एकट्या आक्कांच्या दारात आल्या. वही बघायला मागितली. पंधरा-वीस मिनिटे बसल्या, पाने उलटली, भाऊंचा फोन आला तशा गेल्या. यावरून वहिनी आमच्या झाल्या असे मी म्हणणार नाही. सभेत पुढेही भाऊच बोलत राहिले आणि वहिनी सह्या करत राहिल्या. पण कुजबुज करून आम्ही त्यांना पाडले असते, तर त्या दुपारी त्या आमच्याकडे आल्या नसत्या. आणि पुढच्या वेळी आमच्यातली एखादी उभी राहिली असती तेव्हा तिच्याही माहेरच्या दोन वर्षांचा हिशेब गल्लीने मागितला असता.

ही भीती कल्पनेतली नाही. पुढाऱ्याला खाली खेचण्याची जी जी साधने कायद्यात आहेत, ती खेड्यात सर्वांत आधी बाईवर चालतात, त्यातही दलित-आदिवासी बाईवर. राखीव जागेवरच्या महिला सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव आणायचा तर तीन-चतुर्थांश बहुमत हवे, अशी खास तरतूद कायद्याला करावी लागली ती उगीच नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाचे गेलेले पद परत दिले. सरकारी जागेवरच्या घरात ती सासरच्यांबरोबर राहते, अशा तक्रारीवरून तिला अपात्र ठरवले होते. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पटले नाही, अशा अर्थाचे मत न्यायालयाने नोंदवले. म्हणून 'निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क द्या' अशी मागणी ऐकली की मी आधी विचारते, पहिली परत कोण येईल?

किंमत कोण देते

शेवटची गोष्ट, जी आपण सभेत बोलत नाही. विरोधाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. वह्यांच्या त्या वर्षी आक्कांच्या निराधार पेन्शनचा कागद सात महिने कुठेतरी अडकला. का, ते कोणी सांगितले नाही. सगळ्यांना कळले. माझा कागद कुठे अडकला नाही, कारण माझा असा कागदच नव्हता. माझा पगार होता, नवऱ्याचा पगार होता.

सात महिने आम्ही वर्गणी काढून त्यांना महिन्याला पैसे दिले, आणि पेन्शनच्या कागदामागे दोघी दोघी आळीपाळीने गेलो. पण हे आम्हाला नंतर सुचले. आधी सुचायला हवे होते. मोर्चात पुढे कोण, अर्जावर सही कोणाची, फोटोत कोण, हे ठरवताना कोणाचे काय अडकू शकते ते आधी विचारले पाहिजे. ज्यांचे अडकण्यासारखे काही नाही त्यांनी सही करावी. आक्कांनी स्वतःच हे वाटप केले होते. "अर्जावर माझं नाव नको. वही मी सांगेन." आम्ही नंतर उत्साहात त्यांना साहेबांसमोर नेले, ती आमची चूक. दिसणारे काम आणि न दिसणारे काम असे दोन्ही असले, तरच गरीब बाईला विरोधात भाग घेता येतो.

तर त्या मुलीला माझे उत्तर असे. तुला नको असलेला माणूस पाच वर्षे तिथे आहे. त्याच्याविषयी बोलणे थोडे कमी कर. तो करतो त्यातली एक गोष्ट निवड, जी तुझ्या गल्लीतल्या वीसजणींना रोज टोचते. ती लिहायला लाग. त्यांच्या कागदावर काय आहे ते मागव. खेड्यात राहत असशील तर ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेतलीच पाहिजे असे कायदा सांगतो, ती झाली का विचार, आणि झाली नसेल तर ती नोंदही वहीत कर. सही कोण करणार आणि घरी बसून कोण लिहिणार ते आधी ठरवा. आणि रागाच्या भरात ताटात काय ठेवते आहेस, ते ताट उचलण्याआधी एकदा बघ.

पाच वर्षांनी तो पडेल की नाही, मला सांगता येणार नाही. आमचे भाऊ अजून भाऊच आहेत, ओटाही आहे. ओट्यावर पाण्यासाठी मात्र कोणी बसत नाही.

बांगड्यांचा आहेर तुमच्याही संघटनेने कधी केला असेल. त्यावर तुमच्यात काय बोलणे झाले, झाले की नाही, ते जरूर लिहून कळवा. माझे काही चुकत असेल तर तेही लिहा. आक्कांना वाचून दाखवीन.